काखेतले अवधाण

हाताला जखम झाली की काखेत गाठ उठते. पायाला काटा लागला की जांघेत. आमच्याकडे तिला अवधाण म्हणतात. जखम कुठे नि गाठ कुठे, हे नाते जुन्या माणसांनी अचूक हेरले होते. याच शहाणपणाने माझ्या मावशीचा घात केला. कन्नडजवळच्या शेतात कापूस वेचताना तिच्या बोटाला बोंडाचे टोक लागले होते. काखेत गाठ आली तेव्हा सगळे म्हणाले, अवधाण आहे, बसेल. स्तनातली गाठ तिने कुणाला सांगितलीच नव्हती. दुखत नव्हती ना!

काखेतल्या या लसिकाग्रंथींचा इतिहास मी तिच्यामुळे वाचू लागले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीत सोजीर लोकांच्या काखा-जांघा चाचपत, ते याच ग्रंथींसाठी. तेव्हाच्या सुमारास, १८९४ मध्ये, अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेडने आपली स्तनशस्त्रक्रिया मांडली. कर्करोग स्तनातून काखेत पायरीपायरीने जातो, म्हणून स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्रच काढायच्या. कित्येक दशके शल्यविशारद हेच करत राहिले. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशरने सुरू केलेल्या चाचणीत मात्र, काखेत गाठ हाताला न लागणाऱ्या बायकांमध्ये, सरसकट गाठी काढल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

गाठी काढण्याची किंमत हाताला मोजावी लागते. मावशीचा उजवा हात सुजला, बांगड्या कोपराकडे सरकेनात. म्हणूनच परळच्या टाटा रुग्णालयातल्या वाणी परमार आणि सहकाऱ्यांचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले काम मला मोठे वाटते. आधी पहारेकरी गाठ शोधून तपासायची, ती स्वच्छ असेल तर बाकीच्या राहू द्यायच्या, ही पद्धत तोवर रुळली होती. पण तिला निळा रंग, किरणोत्सारी द्रव्य आणि यंत्र लागते. या मंडळींनी काखेच्या फक्त खालच्या भागातली चरबी आणि गाठी काढून तपासल्या. निदानात ही साधी रीत मागे पडली नाही. आमच्यासारख्या भागाला असलेच संशोधन हवे.

काखेपर्यंत रोग पोचण्याची शक्यता गाठीच्या आकारासोबत वाढते, आणि उशीर झाला की आकार वाढतो. टाटाच्याच १९९८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, सुमारे दीड लाख बायकांच्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले, तरी रोग आधीच्या टप्प्यात सापडला.

गाठ कधीपासून, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मावशीने वेचणीचे दिवस सांगितले. घरी आल्यावर माझ्याजवळ हळूच म्हणाली, "छातीतली तर आखाजीपासूनच होती गं."