बॉस, बायको आणि मिनिटाला सहा रुपये

मंडळी, गेल्या वीकांताला हापिसातलं काम सोमवारवर ढकलून तूनळीवर जुन्या जाहिराती बघत बसलो होतो. त्यात एअरटेलची २०१४ च्या जुलैतली ती 'बॉस'वाली जाहिरात लागली. आठवतेय? ऑफिसात बाई साहेब असते. हाताखालच्या माणसाला काम उरकायला लावते, स्वतः घरी जाते, स्वयंपाक करते आणि नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून पदार्थ दाखवते. नवरा कोण? तर मघाशी ज्याच्या डोक्यावर काम मारलं तोच!

तेव्हा गदारोळ झाला तो स्वयंपाकावरून. साहेब झाली तरी भाजी बाईनेच फोडणीला टाकायची का? मुद्दा बरोबरच होता. माझी आई जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका, आणि संध्याकाळच्या भाकरी तीच थापायची. त्यामुळे जाहिरात खोटी वाटली नाही, हीच खरी अडचण. असो.

परवा मला वेगळाच प्रश्न पडला. हा कॉल तेव्हा आमच्या गावात लागला असता का?

२०१४ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि आईबाबा परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या गावी. ताईचा जुना स्मार्टफोन आईकडे आला होता. त्याच्या कोपऱ्यात 'ई' हे इंग्रजी अक्षर दिसायचं, म्हणजे टूजी. तेही माळवदावर चढल्यावर. (कंपनीचं नाव नको, सगळ्यांची तीच गत होती.) दिवाळीआधी आम्ही एकदा व्हिडिओ कॉलचा प्रयोग केला. आईचा अर्धा चेहरा दिसला आणि चित्र गोठलं. मग आपला साधा फोन लावला.

आता थोडा इतिहास. आपल्याकडे इंटरनेटवरून बोलणं कायदेशीर झालं १ एप्रिल २००२ ला. त्याआधी परदेशी कॉलची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती. परवानगीही अर्धीच मिळाली. संगणकावरून संगणकावर बोला, परदेशातल्या फोनवर बोला, पण संगणकावरून परभणीतल्या फोनवर? नाही!

२०१० मध्ये थ्रीजीचा लिलाव झाला. देश २२ सर्कलमध्ये वाटलेला. एअरटेलला त्यातली १३ मिळाली. मुंबई मिळाली, पण महाराष्ट्र सर्कल, ज्यात परभणी येते, ते मिळालं नाही. तिथे दुसऱ्या कंपन्यांशी करार करून थ्रीजी द्यायचं, आणि त्या करारांवरून सरकारशी भांडण थेट न्यायाधिकरणापर्यंत गेलं. म्हणजे टीव्हीवरची ती बाई मुंबईत आरामात ताट दाखवू शकत होती. आमच्याकडे जाहिरात पोचली, कॉल नाही.

खरी गंमत पुढेच आहे. जाहिरातीनंतर पाच महिन्यांनी, २४ डिसेंबर २०१४ ला, त्याच एअरटेलने जाहीर केलं की स्काइप, व्हायबरसारख्या ॲपवरचे कॉल प्रीपेडच्या साध्या नेट पॅकमध्ये धरणार नाही. त्याचे वेगळे पैसे. थ्रीजीवर १० केबीला ४ पैसे, टूजीवर १० केबीला १० पैसे. आता इंजिनिअर म्हटल्यावर हिशोब आलाच. नुसत्या आवाजाच्या कॉलला दोन्ही बाजू धरून मिनिटाला साधारण ६०० केबी लागतात असं समजा. थ्रीजीवर झाले २ रुपये ४० पैसे. टूजीवर ६ रुपये! जिथे नेटवर्क रडकं, तिथेच दर अडीचपट. आता बोला!

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. स्पेक्ट्रमला हजारो कोटी आम्ही मोजले, परवाना शुल्क आम्ही भरतो आणि ही ॲपं फुकट आमच्या तारेवर बसतात, असं म्हणणं होतं. चूक नाही. पण पॅकचे पैसे गिऱ्हाइकाने भरलेले असतात. त्या डेटात तो गाणी ऐकतो की आईशी बोलतो, याच्याशी दुकानदाराला काय करायचंय?

ओरड इतकी झाली की २९ डिसेंबरला निर्णय मागे घेतला गेला. मग मार्च २०१५ मध्ये ट्रायने लोकांची मतं मागवली आणि दहा लाखांवर ईमेल गेले. त्यातला एक माझा, हॉस्टेलच्या वायफायवरून. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली. सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. ज्या स्काइपवरून हे सगळं पेटलं, ते मे २०२५ मध्ये बंदही पडलं.

मग जाहिरातीला मार्क किती? माझ्याकडून दहापैकी सात. तीन कापले, कारण जे विकलं तेच नंतर महाग करायला निघाले. पण सात एका गोष्टीचे: कॉल कशासाठी असतो हे तिला अचूक कळलं होतं. दर नाही, वेग नाही. माणूस ताट दाखवायला फोन करतो.

आई आता निवृत्त झालीय. रविवारी रात्री तिचा कॉल येतो. आधी छत दिसतं, मग चष्मा, मग तव्यावरचं धपाटं.

"दिसायलं का रे तुला?"

दिसतंय आई. अगदी स्वच्छ दिसतंय. फक्त थापतेयस अजून तूच.