स्फुरदाचं माहेर

घाटकोपरच्या मामांचा मूतखडा काढून तपासायला दिला. अहवालात नाव आलं स्ट्रुव्हाइट: मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट आणि सहा रेणू पाणी. हे तर खनिजशास्त्रातलं नाव!

१८४२च्या आगीत हॅम्बर्गचं सेंट निकोलाय चर्च जळालं. नव्या चर्चचा पाया खणताना जुन्या शेणखताच्या थरात हे स्फटिक सापडले आणि रसायनज्ञ उलेक्सनं त्यांना फॉन स्ट्रूव्हचं नाव दिलं. त्याच हॅम्बर्गमध्ये १६६९ साली हेनिग ब्रँडनं लघवी आटवून फॉस्फरस मिळवला होता! हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

काही जिवाणू युरियापासून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि विरघळलेलं फॉस्फेट साका धरतं. खडा इतका मऊ, की नखानं ओरखडा पडतो. पण मूत्रपिंडात तो सांबरशिंगासारख्या फांद्या फोडत वाढतो.

म्हणजे मामांच्या खड्यात नत्र (नायट्रोजन) होतं आणि स्फुरद (फॉस्फरस) होतं. शेजारच्या चेंबूरचं 'सुफला १५:१५:१५' हे खत आठवा: नत्र, स्फुरद, पालाश. यातला 'स्फुरद' आला कुठून?

फॉस्फरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश वाहून आणणारा. संस्कृतात 'स्फुर्' म्हणजे लकाकणं, त्याला 'द' म्हणजे देणारा. अर्थ चपखल बसतो. कुणी म्हणेल, हा 'द' प्रत्यय नव्हेच. 'स्फुरत्'मधला 'त्' संधीत मऊ झाला, एवढंच. मला ते पटत नाही. मध्य प्रदेश-छत्तीसगडचा शेतकरी नुसतं 'स्फुर' म्हणतो. 'द' गळूनही शब्द उभा राहतो, म्हणजे तो मागाहून जोडलेलाच असणार.

शिवाय हे नाव घडवणाऱ्याला अर्थाइतकाच नादही हवा होता. फॉस्फरसमधला 'स्फर' ऐका आणि 'स्फुर' ऐका. 'नायट्रो'चं नत्र झालं, पोटॅशचं पालाश. आणि पळसाच्या, म्हणजे पलाशाच्या, राखेचा क्षार आयुर्वेदाला ठाऊक होताच. तीन नावांत तीनदा असा मेळ योगायोगानं बसत नाही. ही एकाच कानाची करामत आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

मामांच्या खड्यात पालाश तेवढा नव्हता. पण अमोनियमची जागा पोटॅशियमनं घेतलेलं स्ट्रुव्हाइटचं भावंडही आहे. ऑस्ट्रियातल्या एका सोडून दिलेल्या खाणीत ते सापडलं, तेही शेणातच.