अलकनंदेचा जुना प्रकाश



मागे एकदा आंबेगाव तालुक्यातल्या लोणीला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसलो असता तिथल्या एका शिक्षकमित्राने विचारले, "सर, शेजारी जुन्नर तालुक्यात, खोडदला, एवढ्या मोठ्या दुर्बिणी उभ्या आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग आखतानासुद्धा त्यांचा विचार करावा लागला. पण त्या आभाळातून आम्हाला काय मिळालं?" प्रश्न रागाचा नव्हता, पण खरा होता. मी इतिहास शिकवणारा माणूस. तेव्हा माझ्या रीतीनेच उत्तर देतो.

इतिहासाला पुरावा लागतो. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. तो वाचला गेला म्हणून राणी नागनिकेचे यज्ञ आणि दाने आपल्याला कळली. आकाशाच्या इतिहासात शिलालेखाचे काम प्रकाश करतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. तरीही अंतरे इतकी प्रचंड, की आज आपल्याकडे पोचलेला किरण फार पूर्वी निघालेला असतो. म्हणजे जितके दूर पाहावे, तितके जुने दिसते.

हे वाचन माणूस हळूहळू शिकला. १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी आपल्या मोठ्या दुर्बिणीतून एका तेजोमेघाला भोवऱ्यासारखे वळसे असलेले पाहिले. असे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर, हा वाद पुढे पाऊणशे वर्षे चालला. अमेरिकेत एडविन हबल यांनी १९२३ साली देवयानीच्या तेजोमेघात एक विशिष्ट चलतारा शोधला, त्यावरून अंतर काढले आणि वाद मिटवला. देवयानी ही आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची स्वतंत्र वसाहत निघाली. अशा वसाहतीला आपण दीर्घिका म्हणतो.

आता अगदी अलीकडची गोष्ट. खोडदच्या दुर्बिणी डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिल्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या चालवणारी संस्था म्हणजे पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. याच केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर या दोघा संशोधकांनी २०२५ मध्ये एक दूरची सर्पिल दीर्घिका जगापुढे मांडली. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ती खोडदच्या तबकड्यांनी टिपलेली नाही. २०२१ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांतून ती सापडली. तिचे नाव ठेवले अलकनंदा. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयात मंदाकिनीची बहीण अलकनंदा, म्हणून हे नाव.

अलकनंदेचा प्रकाश सुमारे बारा अब्ज वर्षे प्रवास करून आला आहे. वाटेत विश्व प्रसरण पावत राहिले, त्यामुळे त्याच्या लहरी ताणून जवळजवळ पाचपट लांब झाल्या. शिवाय वाटेत दीर्घिकांचा एक मोठा समूह लागला. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले आणि अलकनंदा सुमारे दुप्पट तेजस्वी दिसली. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे दीड अब्ज वर्षे होते. आज ते जवळपास पावणेचौदा अब्ज आहे.

अलकनंदेचा पसारा सुमारे तीस हजार प्रकाशवर्षे. तिच्या ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे दहा अब्ज सूर्यांएवढे. दर वर्षी साधारण साठ सूर्यांइतके नवे तारे ती घडवत होती. आपली आकाशगंगा आज जेवढे घडवते, त्याच्या सुमारे वीसपट हा वेग. आणि मधल्या तेजस्वी गाभ्याभोवती दोन रेखीव, समतोल बाहू!

नवल या बाहूंचेच आहे. आजवर समज असा होता, की कोवळ्या विश्वातल्या दीर्घिका ओबडधोबड असणार; वायूची खळबळ शमून तबकडी स्थिरावायला आणि तिच्यात असे बाहू उमटायला अब्जावधी वर्षे लागणार. अलकनंदेने हे काम काही दशकोटी वर्षांतच उरकलेले दिसते. वेब दुर्बिणीला अशा लवकर सावरलेल्या आणखीही काही दीर्घिका आढळल्या आहेत. बाहू कसे उमटले, हे अजून ठरायचे आहे. बाहेरून थंड वायू सावकाश येत राहिला असेल, किंवा एखादी लहान दीर्घिका जवळून जाताना तिने ओढ लावली असेल.

लोणीच्या मित्राला मी म्हणालो, "गुरुजी, रेल्वेचं उत्तर माझ्याजवळ नाही. गावाला गाडी हवी, हे मागणं रास्तच आहे. पण या आभाळातून काय मिळालं म्हणाल, तर वर्गात आपण सांगत आलो ते एक वाक्य आता दुरुस्त करावं लागेल, आणि ते दुरुस्त करणारी माणसं इथूनच जवळ, पुण्यात बसून काम करतात. हे पोरांना सांगा." यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरांना दाखवायचं काय? अलकनंदा तर दिसणार नाही."

अलकनंदा नाही, पण देवयानी दिसते. कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री, दिवे मालवून, डोक्यावरून थोडे उत्तरेकडे पाहावे. फिकट, लांबट डाग दिसेल. त्याचा प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेवढे दाखवले तरी पुढचे प्रश्न पोरे आपण होऊन विचारतील.