जुना संगणक, मोठा फोन : निवड नेमकी कोणाची?

‘चालतोय तोवर कशाला बदलायचा?’ घरातील संगणकाविषयी बहुतेक कुटुंबांचा विचार असाच असतो. पत्रलेखन, हिशेब, तिकिटांचे आरक्षण एवढ्याच कामांसाठी आठ-दहा वर्षांचा संगणकही पुरतो. मात्र यंत्राचे आयुष्य ठरविण्याचा अधिकार ग्राहकाकडे पूर्णपणे उरलेला नाही.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबविला. अशा प्रणालीवरील संगणक त्यानंतरही सुरू होतो. परंतु नव्याने आढळणाऱ्या सुरक्षा-त्रुटी नियमितपणे दुरुस्त होत नाहीत. घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळविण्याची सवलत कंपनीने देऊ केली. ‘विंडोज ११’साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सुविधा आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर आवश्यक असल्याने, साधारणपणे २०१७-१८ पूर्वीचे सुस्थितीतील संगणकही या प्रणालीस अपात्र ठरले.

असा संगणक लगेच भंगारात काढण्याची गरज नसते. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास व रॅम वाढविल्यास त्याचा वेग लक्षणीय सुधारतो. लिनक्सवर आधारित उबुंटू किंवा मिंट या मोफत प्रणालीही बसविता येतात. मात्र कार्यालयातील आवश्यक सॉफ्टवेअर आणि प्रिंटर तिच्यावर चालतात का, याची आधी खात्री करावी.

फोनच्या आकाराचीही कहाणी वेगळी नाही. २००७ मध्ये पहिल्या आयफोनचा पडदा ३.५ इंचांचा होता. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंची ‘गॅलक्सी नोट’ आणला, तेव्हा तो अवाढव्य वाटला होता. पुढे चित्रफिती, नकाशे आणि बँकेचे व्यवहार फोनवर आले; मोठ्या आकारात मोठी बॅटरीही मावू लागली. लहान फोनच्या चाहत्यांसाठी अ‍ॅपलने २०२० मध्ये ५.४ इंची ‘आयफोन १२ मिनी’ काढला. २०२१ च्या ‘१३ मिनी’नंतर मात्र ही मालिका थांबली आणि २०२२ मध्ये तिच्या जागी ६.७ इंची ‘प्लस’ आला.

केवळ इंचांवरून आकाराचा अंदाज बांधणेही फसवे असते. हे माप पडद्याच्या कर्णाचे असते. २०१४ चा ५.५ इंची ‘आयफोन ६ प्लस’ ७७.८ मिलिमीटर रुंद होता, तर २०२४ चा ६.१ इंची ‘आयफोन १६’ ७१.६ मिलिमीटर रुंद आहे. पडद्याभोवतीची कड आक्रसल्याचा हा परिणाम. एका हाताने फोन वापरणाऱ्यांनी म्हणूनच रुंदी व वजन पाहावे आणि दुकानात तो प्रत्यक्ष हातात धरून पाहावा.

सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हा प्रश्नही किमतीइतकाच महत्त्वाचा. गुगलने ‘पिक्सेल ८’साठी २०२३ मध्ये, तर सॅमसंगने ‘गॅलक्सी एस २४’साठी २०२४ मध्ये सात वर्षांची हमी दिली. सर्वच फोनना एवढी मुदत नसते. खरेदीपूर्वी ती विचारून घेतल्यास, यंत्र केव्हा बदलायचे हा निर्णय बऱ्याच अंशी ग्राहकाच्या हाती राहू शकतो.