सोयाबीन : मोड आणि पोषणविरोधी घटक

सोयाबीनच्या कोरड्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. त्यासोबत ट्रिप्सिन निरोधक, फायटिक आम्ल, लेक्टिन आणि रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्कराही असतात. निरोधकांमुळे प्रथिने नीट पचत नाहीत, फायटिक आम्ल लोह व जस्त धरून ठेवते, शर्करांमुळे पोटात वायू होतो. मोड आणले की हे सारे जाते, हा समज अर्धाच खरा आहे.

सर्वांत आधी शर्करा जातात. कोंबाला पहिली शिदोरी त्यांचीच; अल्फा-गॅलॅक्टोसायडेज हे एन्झाइम त्यांचे तुकडे करते आणि दोन-तीन दिवसांत त्या बहुतांशी संपतात. फायटिक आम्ल सावकाश घटते, कारण ते फोडणारे फायटेज उगवणीबरोबर हळूहळू वाढते. सर्वांत चिवट ट्रिप्सिन निरोधक. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळा केलेला निरोधक उगवताना थोडाथोडा मोडतो. बोमन-बर्क या दुसऱ्या निरोधकाला सात डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेले असल्याने तो उष्णतेलाही अधिक दाद देत नाही. कोंब चांगला बोटभर वाढला तरी निरोधकाचा मोठा हिस्सा दाण्यात उरू शकतो.

परिस्थितीचा प्रभाव मुख्यतः वेगावर पडतो. दाणे रात्रभर भिजवून पाणी ओतून दिले, तर विरघळलेल्या शर्करांचा काही भाग तिथेच जातो. २५ ते ३० अंश सेल्सियसला एन्झाइमे जोमात चालतात. थंडीत तेच काम रेंगाळते. मात्र उष्ण, दमट फडक्यात जिवाणूही तितक्याच जोमाने वाढतात, म्हणून मोड दिवसातून तीन-चारदा धुवावे लागतात. उजेडाने दले हिरवी होतात. कोरियात कोंगनामुल, म्हणजे सोयाबीनचे मोड, अंधारात पिवळेच वाढवतात आणि शिजवूनच खातात.

वाणाचाही वाटा असतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ निरोधक नसलेला एनआरसी १२७ हा वाण विकसित केला आहे. इतर वाणांसाठी आच हाच भरवशाचा उपाय, आणि भिजलेल्या दाण्यात ती कोरड्यापेक्षा लवकर काम करते. म्हणून मटकीसारखे सोयाबीनचे मोड कच्चे खाऊ नयेत. कुकरला लावून मगच उसळ करावी. पेरणीच्या पिशवीतले औषध लावलेले बियाणे तर मोडांसाठी कधीही वापरू नये.