डांग्या खोकला व वर्ध्याकडील टोचणीचीं साधनें

प्रस्तुत लेखाचा विषय रोगनिदान नसून कागदपत्रें हा आहे. ज्या बालरोगांवर टोचणीचा उपाय या देशांत सर्वत्र रूढ झाला, त्यांपैकीं देवीचा इतिहास लिहितां येतो. डांग्या खोकल्याचा लिहूं जावें तर साधनेंच हातीं लागत नाहींत. असें कां व्हावें, याचा विचार वर्धा जिल्ह्याच्या निमित्तानें येथें केला आहे.

देवीची परंपरा ग्रंथांत स्पष्ट आहे. सुश्रुतानें मसूरिकेची गणना क्षुद्ररोगांत केली. माधवकरानें तिला स्वतंत्र प्रकरण दिलें. सोळाव्या शतकांतील भावमिश्र तर शीतलेच्या स्तोत्रासह तिचें वर्णन करतो. रोगाला देवता मिळाली, देऊळ मिळालें, नवस मिळाले. डांग्या खोकल्यास यांपैकीं कांहींच लाभलें नाहीं. चरकानें कासाचे वातज, पित्तज, कफज, क्षतज व क्षयज असे पांच प्रकार सांगितले आहेत. परंतु एका मुलाकडून दुसऱ्यास लागणारा, आठवड्यांमागून आठवडे टिकणारा, ज्याच्या उबळीनें मूल निळें पडतें व शेवटीं ओकतें, असा खोकला त्यांत पृथक् सांगितलेला नाहीं. युरोपांतही पॅरिस येथील १५७८ सालच्या साथीचें गिलोम द बायू यानें केलेलें वर्णन हेंच पहिलें स्पष्ट वर्णन मानतात.

देवीच्या टोचणीची आपल्याकडील सुरुवात मात्र तिथीनिशीं सांगतां येते. १४ जून १८०२ रोजीं मुंबईस ॲना डस्थॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस गायीच्या देवीची लस टोचण्यांत आली व ती उठली. लस बसऱ्याहून आली होती. ती फार दिवस टिकविण्याचें खात्रीचें साधन त्या काळीं नव्हतें. एका मुलाच्या दंडावरील फोडांतून काढून दुसऱ्याच्या दंडांत घालावयाची, आणि ही मुलांची साखळी तुटली कीं सर्व खटाटोप व्यर्थ. या द्रवास मिळालेलें नांव लक्षांत घेण्याजोगें आहे. त्वचेखालीं व्रणांत आढळणाऱ्या उदकास चरक 'लसीका' म्हणतो. आमचा 'लस' शब्द त्याच कुळांतील. फोडांतील पाण्याचा हा शब्द पुढें बाटलींतील प्रत्येक टोचणीच्या औषधास लागू झाला, व डांग्या खोकल्याच्या औषधाशीं फोडाचा सुतराम् संबंध नसतां त्यालाही तोच चिकटला.

मद्रासेकडील एक प्रकरण संग्राहकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें असें आहे. तेथील फ्रान्सिस व्हाइट एलिस हा मुलकी अधिकारी संस्कृतज्ञ होता. टोचणीस ब्राह्मणवर्गाची अनुकूलता मिळावी म्हणून त्यानें तद्विषयक एक लहानसें संस्कृत काव्य स्वतः रचलें, तें जुन्या कागदावर लिहविलें, आणि तें जुनें सांपडलें आहे असें भासविलें, ही हकीकत जॉन बॅरन यानें जेन्नरच्या चरित्रांत नमूद केली आहे. उपाय गायीपासूनच निघाला, हें त्यांतून ठसवावयाचें होतें. पुढें १८१९ त मद्रासच्या एका वृत्तपत्रांत धन्वंतरीच्या नांवावरील ग्रंथांतला म्हणून एक उतारा छापून आला; त्यांत गायीच्या आंचळावरील फोडाचा द्रव टोचण्याचा विधि होता. चरक-सुश्रुतांच्या उपलब्ध संहितांत असें एकही स्थळ नाहीं. तरी हा उतारा युरोपांत जाऊन परत आला व शंभर वर्षांहून अधिक काळ आमच्या अभिमानी लेखकांनीं तो प्रमाण म्हणून वापरला. डोमिनिक वुयास्टिक यांनीं १९८७ त या सर्व पुराव्याची छाननी करून तो निराधार ठरविला. मौज अशी कीं, फ्रेंचांनीं वेद म्हणून मिरविलेला 'एझूर वेदम्' हा अर्वाचीन बनाव आहे हें सप्रमाण दाखविणारा पंडित हाच एलिस होय. त्याचा हेतु परोपकाराचा असेल. पण जुन्या कागदावर नवी शाई घातल्यानें पुरावा सिद्ध होत नाहीं, आणि हेतूच्या शुद्धतेवर संशोधकानें गुण देऊं नयेत असें माझें मत आहे.

असला बनावट पुराणा पुरावा हवाहवासा वाटतो, आणि खरा पुरावा मात्र दिसण्यांत क्षुद्र असल्यामुळें रद्दींत जातो. वर्ध्याकडे हा खरा पुरावा म्हणजे कोतवाल-बुकें. नागपुरापासून तोडून वर्धा जिल्हा १८६२ त झाला. पालकवाडी गांवाच्या जागीं वर्धा शहर १८६६ त वसलें. १८८० च्या टोचणीच्या कायद्यानें नगरपालिकांच्या हद्दींत देवीच्या टोचणीची सक्ती करतां येऊं लागली. खेड्यांत कोतवालानें जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यास द्यावी, अशी मध्यप्रांतांत वहिवाट होती. मृत्यूचें कारण तोच सांगे. सरकारी तक्त्यांत पटकी, देवी, पुढें प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात व इतर असे रकाने असत. देवी ओळखण्यास वैद्य लागत नसे. ती कोतवालासही दिसे. खोकून खोकून मेलेलें सहा महिन्यांचें मूल मात्र अंग तापलेलें असल्यास तापाखालीं जाई, नाहीं तर श्वासाच्या विकारांत किंवा इतरांत. डांग्या खोकल्यास स्वतःचा रकानाच नव्हता. म्हणून त्या तक्त्यांवरून वर्ध्यांत हा रोग क्वचित् होता असें अनुमान काढणें चुकीचें होईल.

या रोगाचा जंतु बोर्दे व झांगू यांनीं १९०६ त प्रसिद्ध केला. उपयुक्त लस अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं पर्ल केंड्रिक व ग्रेस एल्डरिंग या दोन विदुषींनीं १९३० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. घटसर्प व धनुर्वात यांच्या लशींशीं जोडलेली ही त्रिगुणी लस भारताच्या विस्तारित टोचणीच्या कार्यक्रमांत १९७८ त आली. देवीचा शेवटचा रोगी या देशांत १९७५ सालीं आढळला होता. एक टोचणी संपली आणि दुसरी लागलीच सुरू झाली, असा हा योग आहे.

वर्ध्यास त्याला आणखी एक संदर्भ आहे. गांधीजींनीं १९१३ त 'इंडियन ओपिनियन'मधील गुजराती आरोग्य-लेखमालेंत देवीच्या टोचणीस विरोध केला होता. १९३६ त ते वर्ध्याजवळील शेगांवीं राहूं लागले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. डॉ. सुशीला नय्यर यांनीं तेथें कस्तुरबा रुग्णालय उभें केलें, आणि १९६९ त त्यास जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच आवारांतून निघून विद्यार्थी व वैद्य आसपासच्या खेड्यांत मुलांना टोचूं लागले. डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षांतील ठराविक दिवसांत गांवांतील सर्व मुलें एकत्र टोचण्याची पद्धति अवलंबिली. त्या अनुभवाचा वृत्तांत १९८५ त प्रसिद्ध झाला आहे. या योजनेमागील अडचण कोणाही खेडुतास कळण्यासारखी आहे. ही लस एकदां टोचून भागत नाहीं; तीन वेळां टोचावी लागते. पहिल्या टोचणीनें मांडी सुजली व ताप आला कीं आई दुसऱ्या वेळीं मूल आणीत नाहीं. शिवाय लस थंड ठेवावी लागते. आणि गोठली तर ती निकामी होते.

संग्राहकांस महत्त्वाचा भेद याच्याही पुढें आहे. देवीची खूण दंडावर जन्मभर राही. ती पाहून टोचणी झाली कीं नाहीं हें कोणीही सांगे. त्रिगुणी लशीची खूण शरीरावर राहत नाहीं. ती राहते केवळ आईजवळच्या कार्डावर आणि परिचारिकेच्या वहींत. कार्ड हरवलें, वही वाळवीनें खाल्ली, कीं टोचणी झाल्याचा दुसरा साक्षीदार उरत नाहीं.

आज विदर्भांत जुनीं कोतवाल-बुकें उघडलीं जातात तीं बहुधा जातीच्या दाखल्यासाठीं. त्या एका रकान्याची नक्कल होते आणि बुक पुनः बांधून ठेवतात. पानें जीर्ण आहेत. प्रत्येक उघडणीस कडा तुटतात. ज्यांस हीं बुकें पाहण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं मृत्यूच्या नोंदींतील वय, महिना व कारण हे तीन रकानेही उतरून घ्यावेत. एकाच गांवीं एकाच महिन्यांत वर्षाच्या आंतील चार-पांच मुलें 'ताप' किंवा 'खोकला' म्हणून लागोपाठ नोंदलेलीं आढळल्यास तीं पानें शेजारच्या गांवांच्या बुकांशीं ताडून पाहावींत. त्याचबरोबर देवी काढल्याचे जुने दाखले, आणि १९७८ नंतरचीं बाळांचीं कार्डें, हींही दप्तरांत वेगळ्या रुमालांत बांधून गांव व साल घालून ठेवावींत.