तीन पेन्सांचा प्रश्न

श्रोतेहो, माल स्वस्त झाला म्हणून संतापलेलीं माणसें आपण कधीं पाहिलीं आहेत काय? १७७३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन बंदरांत तीं दिसलीं.

बंगालवर सत्ता गाजविणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा लंडनच्या वखारींत तुंबला होता. कंपनी बुडूं नये म्हणून पार्लमेंटनें तिला तो थेट अमेरिकन वसाहतींत विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त होणार होता; मात्र पौंडामागें ३ पेन्सांची जकात कायम राहिली. पार्लमेंटांत वसाहतींचा एकहि प्रतिनिधि नव्हता. हा चहा घेणें म्हणजे पार्लमेंटचा कर बसविण्याचा हक्क मान्य करणें, हें लोकांनीं ओळखलें. १६ डिसेंबरच्या रात्रीं त्यांनीं ३४२ पेट्या समुद्रांत रित्या केल्या.

१७७४ सालीं शिक्षा म्हणून बंदर बंद झालें. एका गांवाची शिक्षा इतरांनाहि आपली वाटली. १२ वसाहतींचे प्रतिनिधि फिलाडेल्फियास जमले. १७७५ सालीं युद्ध पेटलें व ४ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य झाला.

त्यांतील समता गुलामांच्या वांट्यास आली नाहीं, हें विसरतां येत नाहीं. तरीहि वाद तीन पेन्सांचा नव्हता. ते कोणाच्या संमतीनें घ्यावयाचे, याचा होता.